बेवारस घोडेस्वार

(चंदीगड, जानेवारी १९८८. सेक्टर सतराच्या बसस्थानकाजवळची पोलीस चौकी. दाराशी वाळूची पोती, टेबलावर चहाचे तीन पेले. भिंतीला टेकून चादरीत गुंडाळलेली, माणसाएवढी उंच वस्तू.)

श्रीनिवास : ...आणि मुख्य म्हणजे, प्रतिमाताई, विचारतील तेवढंच बोला. आपण इथे पाहुणे आहोत.

प्रतिमा : सोळा वर्षं झाली तुम्हाला चंदीगडात. पाहुणा इतका राह्यला तर घरधनी निघून जाते, श्रीनिवासराव.

श्रीनिवास : केंद्र सरकारचा नोकर कुठेही पाहुणाच असतो. सेक्टर तीसच्या प्रयोगशाळेत दिवसभर उपकरणं जुळवतो मी. तू मूळचा कुठला, असं एकाही उपकरणाने कधी विचारलेलं नाही. पोलीस विचारतात. म्हणून हळू.

प्रतिमा : हळू काहून? आपण मराठीत तर बोलतोय. या सरदारजींना काय कळते?

श्रीनिवास : तेही खरंच. मग आधी या चहाविषयी बोलून घेतो. हा चहा नव्हे. हा साखरेने चहापत्तीकडून घेतलेला कबुलीजबाब आहे.

प्रतिमा : अन् त्यांची मिशी पाहा नं. डावी बाजू ड्यूटीवर, उजवी रजेवर.

फौजदार : रजा मंजूर नाही, म्याडम. तीन वर्षं झाली. दोन्ही बाजू ड्यूटीवरच हायेत. चहा दुसरा मागवू का साहेब? बिनसाखरेचा?

श्रीनिवास : नको. हा... हा उत्तम आहे.

प्रतिमा : अगं बाई. तुम्ही मराठी?

फौजदार : नांदेड. गुरुद्वाऱ्याच्या मागल्या गल्लीतला जन्म. अजायबसिंग म्हणतात मला. सातवीपर्यंत मराठी शाळेत मार खाल्ला, मग मामानं इकडं आणून पोलिसात भरती केलं.

श्रीनिवास : आपण आधी बोलला असतात तर...

फौजदार : तर मिशीचं कळलं नसतं. कसं हाय साहेब, इथले लोक म्हणायलेत, तुझी पंजाबी दक्षिणेची हाय. नांदेडला गेलो की म्हणतात, हा पंजाबचा, तिकडं काय चाललंय याला विचारा. अन् मराठी माणसं समोर बसून चहाला नावं ठेवायलेत. आता मराठी पेपर वाचता येतो म्हणून निदान या लाकडाचा माग तरी लागला.

प्रतिमा : कोणता पेपर?

फौजदार : हा. या लाकडाला गुंडाळला होता. अमरावतीचा हाय. म्हणून तुमच्या मराठी मंडळाला हिंदीत फोन केला. हे सेक्रेटरीसाहेब फोनवर म्हणले, मी लाकूड ओळखत नाही, पण विद्यापीठात मानववंशशास्त्राच्या एक बाई हायेत, परतवाड्याच्या, त्या काहीही ओळखतात.

श्रीनिवास : "काहीही" असं म्हणालो नव्हतो.

फौजदार : म्हणला होतात.

प्रतिमा : हे सापडलं कुठं?

फौजदार : बसस्थानकात, बाकड्याखाली. दिल्लीच्या गाडीतून एक माणूस उतरला, दाराशी झडती चालू दिसली, अन् माल टाकून पळाला. एक बाई ओरडली. झालं. सगळं बसस्थानक रिकामं. भोंग्यावर सांगायलेत, लावारिस वस्तूजवळ कोणी थांबू नये. अन् मला सांगायलेत, अजायबसिंग, तू जवळ थांब. कोणी जवळ थांबू नये म्हणून.

श्रीनिवास : सुसंगत आहे. आमच्याकडेही परिपत्रकं अशीच निघतात.

फौजदार : बॉम्बवाले पटियाल्याच्या रस्त्यावर दुसऱ्या कामाला गेलेले. मी पोत्यामागं पालथा. कागद एका जागी फाटला होता, त्यातून घोडा दिसायला. वर माणूस बसलेला. म्हणलं, आता उडालो तर हीच शेवटली वस्तू आपण पाहिलेली. मग नीटच पाहून घेतली. घोड्याची शेपटी पार जमिनीला टेकलीय. एक कान मोठा, एक लहान. म्याडम, खरं सांगू? बॉम्ब नाही निघाला तेव्हा सगळ्यांना बरं वाटलं. मला वाटलं, आता हा कोण हे कळल्याशिवाय मला काय झोप नाही.

प्रतिमा : काढा ती चादर.

फौजदार : काढतो. पण लवकर सांगायचं, म्याडम. बारा वाजता बेवारस मालाचा लिलाव हाय. बाहेर पंचकुल्याचा एकजण टेप घेऊन बसलाय, नवा बंगला बांधलाय त्यानं. परवा माप घेऊन गेला. म्हणतो, हे चंब्याच्या देवळाचं दार हाय, दोनशे वर्षं जुनं. खालचं कुजकं कापायचं, चार पाय लावायचे, वर काच. चहाचं टेबल.

श्रीनिवास : देखणं आहे हो. कुलू, चंबा, त्याच बाजूचं असणार. आमच्या डायरेक्टरांच्या दिवाणखान्यात अगदी असंच...

प्रतिमा : श्रीनिवासराव, तुमच्या खिशात ते भिंग असते नं नेहमी? लाकूड पाहा. नक्षी पाहू नका. या कडेला, जिथं खरचटलंय तिथं.

श्रीनिवास : लाकूड म्हणजे देवदार. हिमाचलात दुसरं काय... थांबा.

प्रतिमा : थांबले.

श्रीनिवास : देवदाराला अशी छिद्रं नसतात. इथे बारीक छिद्रांची ओळच्या ओळ आहे, खोडाच्या वर्षवलयाला धरून. हे सागवान आहे.

फौजदार : पक्का?

श्रीनिवास : मी माझ्या मताविरुद्ध बोलतोय. याहून पक्कं या शहरात काही मिळणार नाही.

प्रतिमा : अन् हिमाचलात सागाचं जंगल कुठं आहे? आता दार म्हणता तर बिजागरीची जागा दाखवा. खिट्टीची खाच दाखवा. खालचा हातभर भाग कोरा आहे, काळा पडलाय. त्याला कुजकं म्हणतो तो टेपवाला. हा मातीत पुरलेला होता. दार कोणी जमिनीत पेरते का?

फौजदार : मग खांब?

प्रतिमा : खांब म्हणाल तर बस्तरातही असतात, मयताच्या नावानं. पण ते जाडजूड. ही फळी आहे. वर काय आहे? सूर्य अन् चंद्र, दोघं एकाच वेळी. मध्ये घोडेस्वार. खाली हातात हात घालून नाचणाऱ्या बाया. एकच गोष्ट सापडत नाही. याच्यावर कुठं पिवळं काही होतं का?

फौजदार : पिवळं? तुम्हाला कसं कळलं? पिवळ्या पावडरीनंच तर घोळ केला! खाचाखाचांत भरली होती. बॉम्बवाल्यांनी चिमट्यानं काढली, सीलबंद केली, तपासणीला पाठवली. रात्रभर आम्ही सगळे सेक्टरमधले दिवे चालू ठेवून बसलो.

श्रीनिवास : आणि अहवाल?

फौजदार : हळद.

श्रीनिवास : अहवालात "हळद" असं लिहून द्यायला शास्त्रज्ञाला किती यातना झाल्या असतील, याची मला कल्पना आहे.

प्रतिमा : हळद! मग झालं. बसू द्या जरा मला.

फौजदार : घ्या, खुर्ची घ्या. काय हाय हे?

प्रतिमा : आमच्या मेळघाटात कोरकू राहतात, आदिवासी. त्यांच्यात माणूस गेला की त्याच्या नावानं अशी फळी कोरतात. मुंडा म्हणतात तिला. गावाबाहेर एक झाड ठरलेलं असते, त्याच्याखाली आधीच्या पिढ्यांच्या फळ्या उभ्या असतात, त्या रांगेत ही उभी करायची. हळद लावायची, जेवण घालायचं, नाचायचं. सिडोली म्हणतात त्या विधीला. तो लगेच होत नाही. ऐपत येईपर्यंत वर्षं जातात. तोवर गेलेला माणूस घराभोवतीच फिरत असतो म्हणे, पूर्वजांत त्याला जागा नाही. फळी उभी राह्यली की मिळाला तो आपल्या माणसांत.

फौजदार : म्हणजे हा घोड्यावरचा राजा नाही?

प्रतिमा : राजा कुठला! ज्यानं जन्मभर बकरीसुद्धा पाळली नाही त्यालाही घोडा. त्याच्यात भेदभाव नाही. कोणाचा तरी बाप असेल हा. नाहीतर आजा.

फौजदार : अन् हा आठवडाभर माझ्या मालखान्यात पालथा पडलेला. वर जप्तीच्या सायकली.

श्रीनिवास : तुम्हाला कुठे माहीत होतं.

फौजदार : नव्हतं माहीत. तरी.

प्रतिमा : आता याला कोणी झाडाखालून उपटलं, अमरावतीच्या पेपरात गुंडाळलं, दिल्लीच्या कोण्या दुकानदारानं चंबा म्हणून इकडं विकायला पाठवलं असणार. घरच्यांनी एक दिवस जाऊन पाह्यलं असेल, तर रांगेत खड्डा.

फौजदार : लिहून द्याल? सहीनिशी?

प्रतिमा : कोरकूंचा मुंडा, हे देते. गाव मात्र मी सांगू शकत नाही. मेळघाट असेल, नाहीतर डोंगराच्या पलीकडचा, मध्य प्रदेशातला. तिकडंही तेच लोक आहेत. पेपरवरून माणूस ठरत नाही.

फौजदार : मग बारा वाजता लिलाव.

प्रतिमा : काय म्हणता? मी सांगितलं नं काय आहे ते!

फौजदार : म्याडम, काय हाय ते सांगितलं. कोणाचं हाय ते कुठं सांगितलं? नियमात बसायला दावेदार लागतो. मालक, नाहीतर वारस, नाहीतर नोंदणी झालेली संस्था. तुम्ही दावा करायलाव का? नातं काय लिहू?

प्रतिमा : नातं... तालुका जवळचा आहे.

फौजदार : तालुका चालत नाही. विद्यापीठाचं लेटरहेड आणा, विद्यापीठाला देतो.

प्रतिमा : ते आणता येईल. अर्ध्या तासात येईल. आमच्या विभागात छोटं संग्रहालय आहे. विभागप्रमुख नाचतील.

श्रीनिवास : मग सुटला प्रश्न.

प्रतिमा : काय सुटला? काचेच्या कपाटात उभा करतील. खाली इंग्रजीत चिठ्ठी, 'मध्य भारत, आदिवासी, स्मारक'. कपाटाची किल्ली शिपायाजवळ, शिपाई रजेवर. आमच्याकडं एक नागा लोकांचा भाला आहे, तो मी नोकरीला लागले तेव्हापासून कोणी पाह्यला नाही. टेबल काय अन् कपाट काय, फरक एवढाच की कपाटावर कोणी चहा ठेवत नाही. मला हा परत न्यायचा आहे, अजायबसिंगजी. त्याच्या झाडाखाली.

फौजदार : मला कशाला सांगायलाव, मी काय नको म्हणतो? मला दावेदार द्या. साडेअकरा वाजायलेत.

प्रतिमा : श्रीनिवासराव.

श्रीनिवास : नाही.

प्रतिमा : मी अजून काही बोलले नाही.

श्रीनिवास : तुम्ही "राव" असं लांबवून म्हणालात. मंडळ ही सांस्कृतिक संस्था आहे. गणपती, कोजागिरी आणि त्यावरून होणारी भांडणं, एवढंच आमचं कार्यक्षेत्र. पोलिसांच्या जप्तीच्या मालावर दावा केला असं कळलं, तर आमचे खजिनदार बदली मागून जातील. एअरफोर्सचे आहेत, मिळतेही त्यांना.

प्रतिमा : मंडळाची नोंदणी आहे?

श्रीनिवास : आहे. रीतसर. घटना आहे. मीच लिहिली.

प्रतिमा : काय लिहिलंय तिच्यात?

श्रीनिवास : तुम्ही सभासद आहात, वाचायला हवी होती. कलम तीन. मूळची महाराष्ट्रातली, सध्या चंदीगड व परिसरात असलेली कोणतीही व्यक्ती मंडळाची सभासद समजण्यात येईल. अर्ज लागत नाही. त्या वेळी अर्ज कोणी भरतच नव्हतं, म्हणून तसं... तुम्ही माझ्याकडे असं का पाहताय?

प्रतिमा : हा सध्या कुठं आहे?

श्रीनिवास : प्रतिमाताई, ही फळी आहे.

फौजदार : कोणाचा तरी बाप हाय, साहेब. म्याडमनं आत्ता सांगितलं.

श्रीनिवास : व्यक्ती म्हणजे जिवंत व्यक्ती, हे गृहीत आहे.

प्रतिमा : लिहिलंय तसं?

श्रीनिवास : नाही. आणि दुर्दैवाने कलम सात आहे.

फौजदार : काय हाय त्यात?

श्रीनिवास : आमच्याकडे एक वामनराव भागवत होते, इन्स्टिट्यूटमध्ये डॉक्टर. वारले तेव्हा कर्फ्यू होता. सातारचा भाऊ अंबाल्यात अडकला. आम्ही चौघांनी त्यांच्या अस्थी पास काढून, तीन नाके पार करून त्याच्या हातात दिल्या. त्यानंतर हे कलम घातलं. मृत सभासदाला त्याच्या गावी पोचवण्याची जबाबदारी मंडळाची राहील. एकमताने मंजूर झालं. मंडळाच्या इतिहासात एकमताने मंजूर झालेलं तेवढं एकच.

प्रतिमा : मृत्यू कुठं झाला पाहिजे, असं काही?

श्रीनिवास : काहीही म्हटलेलं नाही. अत्यंत ढिसाळ मसुदा आहे. मला इतके दिवस त्याची लाज वाटत होती.

फौजदार : अन् आता?

श्रीनिवास : कागद द्या. थांबा. एक अडचण आहे. "मूळची महाराष्ट्रातली". बाई म्हणतात, मध्य प्रदेशातलाही असू शकेल.

प्रतिमा : असू शकेल. मी खोटं लिहिणार नाही.

फौजदार : लिहा ना म्याडम, मेळघाट म्हणून. कोण बघायला जाणार हाय?

प्रतिमा : कोणीतरी एकदा चंबा म्हणून सांगितलंच असेल नं? कोण बघायला जाणार म्हणूनच. त्याच्यापायी हा इथं आलाय.

फौजदार : साहेब, मग मला सांगा. माझा पणजा पंजाबातून गेलेला. माझा जन्म नांदेडचा, नोकरी इथली. मी मूळचा कुठला लिहाल?

श्रीनिवास : मिशीवर केलेला विनोद ज्या भाषेत लागतो, तिथला.

फौजदार : लागला नव्हता तेवढा.

श्रीनिवास : मग महाराष्ट्राचे पक्के. ऐका, बाईंनी त्यांच्या कागदावर खरं ते लिहावं. कोरकूंचा मुंडा, मेळघाट अथवा लगतचा प्रदेश. मी माझ्या कागदावर लिहितो की संशयाचा फायदा सभासदाला देण्यात येत आहे. कोणाची हरकत असल्यास वार्षिक सभेत मांडावी. वार्षिक सभा गेली चार वर्षं कर्फ्यूमुळे तहकूब आहे. कुठे सही?

फौजदार : इथं. अन् इथं. शिक्का?

श्रीनिवास : शिक्का नेहमी जवळ असतो. भिंगाच्या शेजारी. पोलीस चौकीत मी जन्मात पहिल्यांदा काही कबूल करतोय. घ्या, तुमचा घोडेस्वार.

फौजदार : ओ जी, बाहर! पंचकूले वाले भाईसाहब को बोल दो, फट्टे की नीलामी कैंसल! घरवाले आ गए!

प्रतिमा : घरवाले!

फौजदार : मग काय म्हणू, मंडळ? त्याला काय कळणार. आता न्यायचा कसा ते बोला. सहा फुटांची वस्तू चादरीत गुंडाळून दिल्लीच्या बसमध्ये बसलात, तर वाटेतल्या पिपलीपर्यंतच नाक्यानाक्यावर चार वेळा झोपवतील तुम्हाला रस्त्यावर.

प्रतिमा : कसं करायचं मग?

फौजदार : केसचा माल परगावी जातो तेव्हा सोबत पोलीस जातो. रजा नाही म्हणतात आमचे साहेब, ड्यूटी नाही म्हणायची त्यांना सवयच नाही. ही ड्यूटी मी मागणार. दिल्ली, तिथून खंडवा. खंडव्याला छोटी गाडी लागते, पूर्णेकडं जाते. आम्ही लहानपणापासून त्याच गाडीनं येतो जातो. मध्ये डोंगरात एका जागी ती गोल फिरून आपल्याच रुळावरून जाते.

प्रतिमा : धूळघाट! अहो, तेच तर. तोच मेळघाट आहे!

फौजदार : तोच? मी तर तिथं नेहमी वरच्या फळीवर झोपलेला असतो. आई उठवायची, म्हणायची, उठ, जंगल बघ.

प्रतिमा : मी येते सोबत. तुम्ही एकटे गावात शिरलात तर सगळं गाव झाडीत पळेल. वर्दी घालायची नाही.

फौजदार : बरं. मिशीचं काय करू?

प्रतिमा : राहू द्या. पोरांना आवडेल.

श्रीनिवास : पण गाव सापडणार कसं? डोंगराच्या दोन्ही बाजूंना किती गावं असतील.

प्रतिमा : विचारत जायचं. सगळे कोरणारे काही सारखा घोडा काढत नाहीत. टेकलेली शेपटी, एक कान मोठा. एखादा म्हातारा पाहील अन् म्हणेल, हा तर अमक्याच्या हातचा. मग तिथून पुढं. या वेळी नाही सापडलं तर होळीच्या सुट्टीत पुन्हा.

श्रीनिवास : आणि तोवर हा कुठे राहील?

प्रतिमा : परतवाड्याला आमच्या आवारात चिंच आहे. घरात नाही न्यायचा.

फौजदार : मी तसाच पुढं पूर्णा, नांदेड. एक दिवस. आईला कळवत नाही. तीनदा कळवलं, तीनदा गेलो नाही. आता ती माझं पत्र आलं की म्हणते, म्हणजे येत नाही.

श्रीनिवास : अजायबसिंगजी, पुढच्या महिन्यात मंडळाचं हळदीकुंकू आहे. पुरुषांना काही काम नसतं, नुसतं कोपऱ्यात उभं राहून तिळाची वडी खायची. आपण या. सभासद म्हणून. कलम तीन.

फौजदार : निमंत्रण?

श्रीनिवास : लागत नाही. तेच तर सांगतोय. सोळा वर्षं लागत नव्हतं.

फौजदार : येतो. चहा मात्र तुमच्या पद्धतीचा करा. बघू दे तरी कसा असतो. म्याडम, एक विचारायचं होतं. ड्यूटीचा हुकूम निघायला दोन-चार दिवस जातील. मालखान्यात आता मला याला ठेववत नाही. घरात ठेवायचा नाही म्हणायलाव.

प्रतिमा : मागं आवार आहे नं? झाड कोणतं?

फौजदार : आंबा. मोठा हाय. खाली पहाऱ्याचा शिपाई बंदूक घेऊन उभा असतो रात्रंदिवस.

प्रतिमा : मग त्याच्यासारखी जागा नाही. उभा करा. तोंड उगवतीकडं. पाऊस आला तर येऊ द्या, त्याला सवय आहे. श्रीनिवासराव, धरा तिकडून.

श्रीनिवास : मी? बरं. सागवान फार जड असतं, ही नोंद राहू द्या.

फौजदार : हळू. दाराला लागेल. पोत्यांना वळसा घालून या. हा, असा. टेकवा. पण आमचे साहेब राउंडला आले अन् विचारलं, अजायबसिंग, हा तिथं कोण उभा हाय, तर काय सांगू?

प्रतिमा : सांगा, आपल्याकडचा माणूस आहे. गाडीची वाट पाहतोय.